मेथीची जुडी आणि चार मिनिटं

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमची मुलं शेवटच्या वर्षाला पोचतात तेव्हा त्यांना झाडापानांचं बरंच कळलेलं असतं, पण माणसांसमोर उभं राहून ते कसं सांगायचं याचा पत्ता नसतो. बहुतेकजण पडद्याकडे तोंड करतात आणि पडद्यावरचं वाचून दाखवतात. श्रोत्यांना त्यांची पाठ दिसते आणि तेच वाक्य एकदा डोळ्यांनी, एकदा कानांनी मिळतं. अशा मुलांना सुधारणं सोपं असतं. खांद्याला धरून वळवायचं, पडद्यावरची अर्धी अक्षरं पुसायची, उरलेली मागच्या बाकावरून वाचता येतील इतकी मोठी करायची. निम्मं काम तिथेच होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे प्रकल्पाला आलेल्या मुलीची अडचण वेगळी होती. ती फार चांगलं बोलायची.

वारज्याला राहायची. वडील सरकारी कचेरीत लिपिक. घरात ढालींनी भरलेलं काचेचं कपाट होतं आणि त्यातली प्रत्येक ढाल वक्तृत्व स्पर्धेतली. तिला बोलायला वडिलांनी शिकवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कोणत्या शब्दाला उजवा हात वर जायचा, सगळं. वस्तीतल्या विहारात जयंतीचं भाषण दरवर्षी तिचंच. तिथे ती पद्धत योग्यच आहे. माणसं उन्हात उभी, माईक खरखरतोय, पलीकडे मुलं दंगा करतायत. आवाज चढवला नाही तर कुणाला काही पोचणारच नाही. प्रश्न एवढाच होता की आता तिला उन्हातल्या गर्दीपुढे बोलायचं नव्हतं. बंद खोलीत, पंख्याखाली, तीन शास्त्रज्ञांपुढे बोलायचं होतं.

एक संशोधन संस्था शहरातल्या महाविद्यालयांमधून एकच विद्यार्थी वर्षभरासाठी घेणार होती. निवड सादरीकरणावर. सादरीकरणं आमच्याच सभागृहात व्हायची होती. जागा मिळाली नाही तर जूनपासून तिने एका कंपनीत बिलं करायला बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. वडिलांच्या ओळखीच्या एका साहेबांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. ती नोकरी नको असल्याचं तिने मला एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात. तिच्या तोंडून हळू आवाजात ऐकलेलं ते पहिलं वाक्य. म्हणून मी ते खरं मानलं.

तिचा प्रकल्प मेथीवर होता. मंडईत पालेभाजीवर दिवसभर पाणी मारतात, त्याने भाजी खरोखर टिकते का, असा साधा प्रश्न. तिने संबंध उन्हाळा मंडईत घालवला होता. मेथीचे तीन ढीग: एकावर सारखं पाणी मारायचं, दुसरा कोरडा ठेवायचा, तिसरा ओल्या गोणपाटाखाली झाकायचा, पण पाल्याला पाणी लागू द्यायचं नाही. मग पानं मोजायची, वजन करायचं, भिंगाखाली बुरशी बघायची. काम पक्कं होतं. त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

पहिली तालीम आमच्या प्रयोगशाळेत झाली. श्रोते म्हणजे मी, एक गळका नळ आणि बरणीतला निवडुंग. ती समोर उभी राहिली, मान उंचावली आणि म्हणाली, "सन्माननीय व्यासपीठ, गुणग्राहक परीक्षक आणि माझ्या ज्ञानपिपासू मित्रमैत्रिणींनो!"

"व्यासपीठ कुठे आहे?" मी विचारलं.

"त्या दिवशी असेल ना, मॅडम."

"बरं. चालू ठेव."

सृष्टीची हिरवी शाल आली. बळीराजाचा घाम आला. 'आरोग्य' या शब्दाला उजवा हात खांद्याच्या वर गेला आणि तिथेच थांबला.

"मेथी कधी येते?" मी विचारलं.

"येते ना. पाचव्या मिनिटाला."

"तोपर्यंत ती सडेल."

तिला हसू आलं, पण रागही आला. मी तिला स्टूल दिलं. म्हटलं, हे सगळं सोड. घरी भाजी आणणाऱ्या माणसाला तुझ्या प्रकल्पाबद्दल काय सांगशील?

ती बसली आणि सरळ म्हणाली, "पाणी मारलेली मेथी दुपारपर्यंत सगळ्यात छान दिसते. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यात आधी सडते."

"हे तुझं पहिलं वाक्य."

"एवढंच? मॅडम, हे तर कुणीही म्हणेल."

"म्हणेल. पण मोजलंय तू."

"स्पर्धेत असं बोलले असते तर उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं."

हे तिचं म्हणणं बरोबर होतं. स्पर्धेत ऐकणाऱ्याला भारावून टाकायचं असतं. इथे ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून बाजूला व्हायचं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे पहिलं येतं त्याला दुसरंही येतं असं धरून चालतात. आमच्या विभागप्रमुखांचा हाच समज होता. "अहो मॅडम, ती जन्मजात वक्ता आहे. तिला काय शिकवताय? होऊ द्या की जोरदार!" असं ते मला दोनदा म्हणाले.

विभागप्रमुखांशी दुसरा वाद पडद्यावरच्या पानांवरून झाला. आमच्या महाविद्यालयात सादरीकरणाचा ठरलेला नमुना आहे. पहिल्या पानावर बोधचिन्ह, दुसऱ्यावर संस्थापकांचा फोटो, तिसऱ्यावर ध्येय आणि दृष्टिकोन, चौथ्यावर ऋणनिर्देश. विद्यार्थी कशावर बोलणार आहे हे पाचव्या पानावर कळतं, आणि तेही प्रकल्पाचं नाव इतकं लांब ठेवलेलं असतं की नक्की कळत नाही.

"ही चार पानं शेवटी टाकू," मी म्हटलं.

"संस्थापक शेवटी?" ते म्हणाले. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. लोक तोपर्यंत चहाला गेलेले असतील."

"हेच म्हणतोय मी!"

अखेर तडजोड झाली. बोधचिन्ह प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, बारीक. बाकी सगळं शेवटी. संस्थापक हयात असते तर त्यांनी हरकत घेतली नसती असं मला वाटतं. फोटोत तरी ते घाईत दिसतात.

मग तालमी माझ्या घरी सुरू झाल्या, कारण घरी मला एक तयार श्रोता उपलब्ध आहे. माझे यजमान निवृत्त झाल्यापासून गावातली बहुतेक व्याख्यानं ऐकतात. तिसऱ्या रांगेत कडेला बसतात, म्हणजे उठून जाता येतं. वक्ता फसवायला लागला की ते घड्याळाला किल्ली देतात. घड्याळ सेलवर चालतं, पण वक्त्याला ते माहीत नसतं.

पहिल्या दिवशी मुलीने भाषण अर्ध्यावर आणलं तेव्हा त्यांनी हात वर केला. "एक विचारू का?"

"विचारा ना, काका."

"हे तुम्ही बोलताय की पाठ म्हणताय?"

"पाठ आहे, पण बोलतेय."

"मग मध्येच सांगा, कोरडा ढीग कुठे ठेवला होता? सावलीत की उन्हात?"

ती थांबली. उत्तर तिला माहीत होतं, उन्हाळाभर ती त्याच ढिगाजवळ उभी होती. पण पाठ केलेल्या मजकुरात त्या जागी ते वाक्य नव्हतं. तिने उत्तर दिलं आणि पुढे कुठून सुरू करायचं ते सापडेना. मग ती पहिल्यापासून म्हणायला लागली.

"अरे देवा," यजमान म्हणाले, "पुन्हा?"

त्या दिवशी आमची पद्धत ठरली. पहिलं वाक्य पाठ, शेवटचं वाक्य पाठ, मधलं काहीही पाठ नाही. मधे पडद्यावर फक्त चित्रं आणि आलेख, आणि ते दाखवून ती आम्हाला सांगणार. यजमानांनी वाटेल तेव्हा अडवायचं. त्यांनी हे काम इतक्या आनंदाने केलं की मला थोडी काळजी वाटली. "आलेखातली ही लाल रेघ कोण?" "बुरशी मोजली म्हणजे बोटांवर मोजली का?" "मला कळलं नाही, आणि मी बँकेत होतो, अडाणी नाही." तिसऱ्या आठवड्यात ती त्यांना उलट बोलायला लागली. "काका, ते मी आत्ताच सांगितलं. तुम्ही पोहे बघत होता." तेव्हा मी ओळखलं की आता हिला कुणी अडवलं तरी चालेल.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. वेळ प्रत्येकी दहा मिनिटं ठरली होती. पण आधी उद्घाटन होतं. पंखा चालू असल्यामुळे समई पेटेना, पंखा बंद केला तर पाहुण्यांना उकडायला लागलं. स्वागतगीत झालं. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याने त्यांना परिचयाची गरज नसल्याचं सांगून सविस्तर परिचय करून दिला. पाहुणे उठले आणि म्हणाले की मी फार वेळ घेणार नाही. ही सूचना असते. अनुभवी लोक ती ऐकताच खुर्चीत नीट बसतात.

सगळं आटोपल्यावर जाहीर झालं की वेळेअभावी प्रत्येक विद्यार्थ्याला चार मिनिटं मिळतील.

बाहेरच्या व्हरांड्यात एकच गडबड उडाली. आमची मुलगी माझ्याकडे आली. तिचे वडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. तिने एकदा दारातून त्यांच्याकडे बघितलं.

"मॅडम, दोनच पानं ठेवते. ढिगांचा फोटो आणि एक आलेख."

"आणि बाकीचं?"

"विचारलं तर सांगेन."

मला काही शिकवायचं उरलं नव्हतं. मी तिच्या हातातली पाण्याची बाटली तेवढी घेतली.

तिच्या आधीच्या मुलांनी दहा मिनिटांचं बोलणं चार मिनिटांत बसवायला एकच उपाय केला: वेग वाढवला. एकाची घंटा ऋणनिर्देशावर वाजली, दुसऱ्याची उद्दिष्टांवर. तिसऱ्याला निष्कर्षापर्यंत पोचता आलं, पण त्याच्या मागोमाग कुणालाच जाता आलं नाही.

मग ती उभी राहिली. मान्यवरांना नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "पाणी मारलेली मेथी दुपारपर्यंत सगळ्यात छान दिसते. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यात आधी सडते. हे मी मंडईत मोजलं. कसं, ते दाखवते."

तीनही परीक्षकांनी वर बघितलं. विभागप्रमुख माझ्या शेजारी बसले होते. ते कुजबुजले, "आवाज बसलाय का हिचा?"

तिने फोटो दाखवला, आलेख दाखवला, लाल रेघ कोण ते सांगितलं, ओल्या गोणपाटाखालचा ढीग सगळ्यात जास्त टिकला हे सांगितलं आणि वेळ उरलेला असताना थांबली. संस्थेच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाई परीक्षकांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे सगळं उन्हाळ्यातलं आहे. पावसाळ्यात काय होईल?"

हा प्रश्न यजमानांनी विचारलेला नव्हता. मलाही सुचला नव्हता. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो टेबलावरून उठला, कोपरापर्यंत आला. उत्तर येत नसेल तर आवाज आणि हात वर न्यायचा, हे तिला लहानपणापासून येत होतं, आणि ते तिने केलं असतं तर सभागृहात टाळ्याही पडल्या असत्या.

हात खाली आला. "माहीत नाही," ती म्हणाली.

"गेलं," विभागप्रमुख म्हणाले.

"पावसाळ्यात मी केलेलं नाही," ती पुढे म्हणाली. "हवेतच ओल असते, म्हणून तिन्ही ढिगांतला फरक कमी होईल असं वाटतं. पण ते चूकही असेल. करून बघावं लागेल."

"कुठे करशील?"

"मंडईतच. तिथली माणसं आता ओळखतात. टोमणे मारतात, पण जागा देतात."

"काय टोमणे मारतात?"

"'आली मेथीची डॉक्टर, सरका आता, नाहीतर नाडी बघेल.'"

बाई हसल्या. घंटा वाजली. त्यांनी घंटेवाल्याला हातानेच थांबवलं आणि बुरशी कशी ओळखली ते विचारलं. मग वजन कसं केलं ते. ते बोलणं किती वेळ चाललं ते मी बघितलं नाही. पण ते सादरीकरण राहिलेलं नव्हतं, कामाबद्दल दोन माणसं बोलत होती.

निकाल जेवणानंतर लागला. जागा तिला मिळाली. विभागप्रमुखांनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जन्मजात वक्ता आहे."

वडील जिन्यापाशी थांबले होते. "मॅडम, घाबरलो होतो मी," ते म्हणाले. "आवाज चढवलाच नाही हिने. म्हटलं, विसरली."

"विसरली नव्हती."

"ते नंतर कळलं. मेथीचंही कळलं. घरी भाजी मीच आणतो ना, पाणी मारलेली बघूनच घेतो." मग लेकीकडे वळून म्हणाले, "हे घरी कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी ऐकलंत, बाबा? तुम्ही माझे हात बघत होता."

मग त्यांनी खिशातून फोन काढला. "त्या साहेबांना आत्ताच कळवतो. उद्यावर नको." फोन लागला. "नमस्कार साहेब. तब्येत कशी आहे? वहिनी बऱ्या आहेत ना? नाही, तुमची आठवण रोज निघते घरी. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून..."

"बाबा, मुद्द्याचं बोला," ती म्हणाली.

त्यांनी फोनवर तळहात ठेवला. "गप बस. त्यांनी आपल्यासाठी शब्द टाकलाय. नाही म्हणायच्या आधी माणसाला बसायला तर द्यावं लागतं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी महिनाभर प्रस्तावना कापत आले होते, पण इथे माझं काही म्हणणं नव्हतं. वहिनींची चौकशी नीट झाली. मुलांचीही झाली. मग ते जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी तुमच्याकडे येऊ शकणार नाही. तिला संशोधन संस्थेत घेतलंय, वर्षभर. हो, मेथीवर. नाही नाही, भाजीचा धंदा नाही. आता बघा साहेब, वहिनी मेथी आणतात ती पाणी मारलेली असते, बरोबर? ती दिसते छान. पण तीच आधी सडते. मेथी ओली करायचीच नाही, वर नुसतं..."

"गोणपाट, बाबा!" ती कठड्यावरून ओरडली. "गोणपाट ओलं!"

"गोणपाट ओलं करायचं, साहेब," ते म्हणाले.