जळलेल्या घराला रंग

इंदिरानगरातल्या आमच्या घराला आग लागली ती फ्रिजच्या मागून. शॉर्टसर्किट. नवऱ्याने मेन स्विच पाडला, शेजाऱ्यांनी कुंड्यांतली माती, बांधकामाची वाळू, जे हाती लागेल ते फेकलं आणि अग्निशमनवाल्यांना फोन करायच्या आतच आग विझली. माणसं धड राहिली. स्वयंपाकघराची मात्र पार कोळशाची वखार झाली होती. फोटो काढायचं भान कोणाला? मुलीने मोबाइलवर दोन काढले होते, त्यांत धुराशिवाय काही दिसत नव्हतं.

घराचा विमा होता. बँकेने गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला, म्हणून मी त्याला कायम नावं ठेवायची. आता सगळी भिस्त त्याच्यावरच. तो मिळाला नाही, तर मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडण्यावाचून इलाज नव्हता. "मी एक वर्ष थांबते ना, काय बिघडलं?" असं ती इतक्या सहज म्हणाली, की मला तिथे उभं राहवेना.

बातमी कळताच सटाण्याहून माझी थोरली नणंद मिळेल त्या एसटीने आली. ताई एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलते, पण चिडली किंवा घाबरली की थेट अहिराणीत शिरते. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला येणार आहे, हे ऐकल्यावर ती कंबरेला पदर खोचून उभी राहिली. "सायेब घर येई राहिनात, अन् असं काळं घर दाखाडतस का कोनी?"

मला तेव्हा तिचं म्हणणं पटलं, हे सांगायला पाहिजे. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे घर आवरतात. सर्व्हेअर झाला म्हणून काय झालं! गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. वितळलेला फ्रिज भंगारात गेला, जळके पडदे, डबे, ट्रॉल्या कचऱ्याच्या गाडीत. भिंती घासल्या, आणि वरून ताईने स्वतः पिवळसर रंगाचे दोन हात मारले. तिच्या तळहातांना फोड आले होते. माझा नवरा तेवढा मध्ये एकदा "अगं, पण..." म्हणाला. तिने त्याला ब्रश धुवायला पाठवलं.

साहेब आले. शेजारणीकडून करून आणलेले कांदेपोहे त्यांनी चवीने खाल्ले, घर छान ठेवलंय म्हणाले आणि गेले. आम्ही खूश. मग कंपनीचं पत्र आलं: प्रत्यक्ष पाहणीत आगीचं नुकसान आढळलं नाही, सबब दावा नामंजूर.

मी आधी खूप हसले आणि मग खूप रडले. नवऱ्याने कंपनीकडे तक्रार केली, खेटे घातले. तिथल्या एका क्लार्कने कंटाळा न करता फेरपाहणीचा अर्ज कसा करायचा ते समजावून सांगितलं. त्या भल्या माणसाची मी आजही आठवण काढते. सटाण्याला परतलेल्या ताईला मात्र काही कळवायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मुलीच्या पोटात राहिलं नाही. फेरपाहणीच्या दिवशी सकाळी ताई दारात उभी.

या वेळी सर्व्हेअर म्हणून एक बाई आल्या. पोहे नकोत म्हणाल्या. "जळलेलं कुठे आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे त्या पिवळसर भिंतीकडे पाहत राहिलो. ताईने ओट्यावरचं उलथनं उचललं आणि फ्रिजच्या जागेमागची भिंत खरवडायला लागली. रंगाचे पोपडे पडले, खालून काजळी निघाली. ती थांबेना. जिथे जिथे तिने रंग दिला होता तिथे तिथे उलथनं चालवलं. बोर्डाजवळचा गिलावा ढासळला, आत वितळून एकमेकींना चिकटलेल्या वायरी दिसल्या. बाई फोटो काढत होत्या. शेजारणी एकेक करून आत आल्या आणि कोणी काय घासलं, काय फेकलं ते सांगून जबाबाखाली सह्या करून गेल्या. काम सोडून आल्या होत्या सगळ्या.

बाई गेल्यावर ताई जमिनीवरच बसली. स्वयंपाकघर पुन्हा आगीच्या दिवशीसारखं दिसत होतं. ती त्या भिंतीकडे बघून रडायला लागली. आग लागल्यापासून ती एकदाही रडली नव्हती.

"मन्हा भाऊनं घर असं माले देखावस नही," ती म्हणाली.

एवढी घासपूस, एवढा रंग कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. साहेबाचं निमित्त होतं; भावाचं घर असं तिलाच बघवत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. सासरी आल्यापासून आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

फेकलेल्या वस्तूंचं काही मिळालं नाही, पण बाकीचा दावा मंजूर झाला. एफडी शाबूत राहिली. मी नवऱ्याच्याही आधी सटाण्याला फोन लावला.

"पोरगीनं कालेज?" तिने एवढंच विचारलं.

"या वर्षीच," मी म्हटलं. "ताई, तुमच्यामुळे."

"मन्हामुळेच तं गयं व्हतं," ती म्हणाली आणि हसली. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तिने फोन ठेवू नये एवढंच वाटत होतं, आणि तिनेही तो ठेवला नाही.