डॉक्टर न झाल्याचं मानपत्र

आमच्या वस्तीतल्या लिंबाजीतात्यांच्या कापडी पिशवीत कायम एक शाल असायची. थंडीसाठी नव्हे, सत्कारासाठी. रोहित्र दुरुस्त करायला आलेला लाइनमन खांबावरून खाली उतरला की तात्या त्याच्या खांद्यावर शाल घालायचे, कुणाला तरी फोटो काढायला लावायचे आणि शाल परत घडी करून पिशवीत ठेवायचे. लाइनमनच्या हातात नारळ उरायचा. कुणी विचारलंच तर तात्यांचं उत्तर तयार असे : "शाल फिरती असती बाबा. मान पक्का असतो." वालूरमधल्या टपाल्याचा, एसटीच्या वाहकाचा, लस टोचणाऱ्या नर्सचा, सगळ्यांचा सत्कार त्या एकाच तपकिरी शालीने झालेला होता. आणि खरं सांगायचं तर आमच्या वस्तीतली वीज गावात सगळ्यात लवकर यायची.

मला हे मुळीच पटायचं नाही. वीज हा हक्क आहे, हक्क देणाऱ्याचा सत्कार कशाला, असं मी आठवीत असताना त्यांना सुनावलं होतं. तात्या हसले आणि म्हणाले, "हे वाक्य चांगलं हाय, लिहून ठेव." लिहायला कागदही त्यांनीच दिला. ते परभणीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मोर्चाची, सभेची, निषेधाची पत्रकं त्यांच्या हातून छापली जायची आणि उरलेली ते आमच्या घरी आणून द्यायचे. माझ्या बेरजा-वजाबाक्या, निबंध, गृहपाठ सगळं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झालं. पाठ भरली की मी कागद उलटून पुढची बाजू वाचायचे. माझ्या भाषेत जो काही जाळ आहे, तो तिथला आहे. पुढे छापखाना बंद पडला. मग तात्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसून लोकांना वाढदिवसाचे मजकूर लिहून देऊ लागले.

मी पशुवैद्यकीच्या पदवीला लागले तेव्हा वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आई अंगणवाडीत मदतनीस. साडेपाच वर्षांचं शिक्षण. पहिली तीन वर्षं शिष्यवृत्ती रडतखडत का होईना, आली. चौथ्या वर्षी ती अडकली. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते आणि परीक्षा चुकली की वर्ष जाणार होतं. एक वर्ष जास्तीचं काढणं आमच्या घराला जमणारं नव्हतं. धाकट्याची शाळा सोडवायची का, असं वडिलांना आईला हळू आवाजात विचारताना मी ऐकलं होतं.

मी शिष्यवृत्तीच्या कार्यालयात अर्ज दिले. एका अर्जाची सुरुवात "आम्ही जाब विचारतो" अशी होती. तिथले इंगोलेसाहेब सौम्य माणूस. त्यांनी तो शांतपणे वाचला, एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि फायलीला लावून टाकला.

मग तात्यांनी सूत्रं हातात घेतली. गावातून निधी गोळा करू, म्हणाले. मी म्हटलं, लोकांना माझी अडचण सांगा. तात्यांनी मान हलवली. "गरज सांगितली की लोक पायाकडं बघत्यात, माय. अभिमान सांगितला की खिशाकडं बघत्यात." चार दिवसांनी मी परभणीच्या कॉलेजातून आले तर वालूरच्या स्टँडवर माझा आठ फुटी फ्लेक्स. "वालूरची कन्या डॉ. सुजाता हिचा जाहीर सत्कार." पदवीला अजून दोन वर्षं होती. निदान 'भावी डॉक्टर' तरी लिहायचं होतं, म्हणून मी तात्यांवर चिडले. ते गंभीर झाले. "भावी लिहिलं की माणूस पडतो. आपल्या तालुक्यातले झाडून सगळे भावी पडलेत."

सत्कार जोरात झाला. विहारासमोर मांडव, चौदा वक्ते. तात्यांच्या हिशेबात एकच चूक होती. लोकांचे हात खिशाकडे गेले खरे, पण बाजारात जाऊन त्या हातांनी शाली आणल्या. त्या सभेत मला तेवीस शाली मिळाल्या, पोतंभर नारळ मिळाले आणि बैलजोडीचं एक शोभेचं चित्र मिळालं. रोख रकमेत जेमतेम परभणीच्या बसचं भाडं सुटलं असतं. आईने पंधरा दिवस सगळ्या भाज्यांत खोबरं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात म्हैस उभी होती. तिच्यामागे आणखी तीन. पहिल्या म्हशीचे मालक नामदेवराव, पाच एकराचे शेतकरी, सत्कारात दुसऱ्या रांगेत बसलेले. म्हैस चारा खाईना म्हणाले. मी त्यांना सांगितलं, माझी पदवी झालेली नाही, नोंदणी नाही, मला उपचार करता येत नाहीत.  ते म्हणाले, "मग काल शाल कशाची घेतली?"  तात्या मध्ये पडले आणि त्यांनी चारी म्हशी तालुक्याच्या दवाखान्याकडे रवाना केल्या. जाताना नामदेवरावांना एक नारळ दिला.

खरा घोळ पुढच्या आठवड्यात कळला. सत्काराची बातमी एका स्थानिक पेपरात आली होती आणि कुणीतरी तत्परतेने तिचं कात्रण कार्यालयात पोचवलं होतं. इंगोलेसाहेबांनी उठून माझं अभिनंदन केलं. "तुम्ही डॉक्टर झालात, आनंद आहे. पण शिक्षण पूर्ण झालेल्याला शिष्यवृत्ती देता येत नाही." माझी फाईल बंद झाली होती.

मी कॉलेजचा दाखला दाखवला. ते म्हणाले, यात तुम्ही शिकत आहात एवढंच आहे. शिक्षण पूर्ण झालेलं नाही असं कुठे आहे? पूर्ण झाल्यावरही माणूस शिकू शकतो.  कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं की पास झाल्याचं पत्र मिळतं, नापास झाल्याचं मिळतं, अजून काहीच न झाल्याचा नमुना उपलब्ध नाही. मी प्रतिज्ञापत्र करून नेलं. इंगोलेसाहेब ते वाचून म्हणाले, "हे तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल लिहिलंय. दुसऱ्या कुणी मान्यवराने सांगायला पाहिजे."

फॉर्मची शेवटची तारीख अकरा दिवसांवर आली होती. मी उपोषणाला बसायचं ठरवलं आणि पत्रक लिहून तात्यांकडे तपासायला नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, दोन स्वल्पविराम घातले आणि म्हणाले, "पत्रक लय भारी झालंय. पण आपण आणखी एक सत्कार करू."

माझा तोल गेला. तुमच्या सत्कारानेच वाटोळं झालं, असं मी बोलले. तुम्ही आयुष्यभर शाल पांघरून भीक मागितली, असंही बोलले. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

तात्या रागावले नाहीत. पिशवी बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यांदाच मला स्वतःची गोष्ट सांगितली. दहावीला असताना फीमाफीसाठी त्यांनी मोर्चा काढला होता. परभणीला कचेरीसमोर आठ दिवस बसले. "मोर्चा जिंकला आमी. फीमाफी झाली. पण आमी तिथं बसलो तवा इकडं फॉर्मची तारीख निघून गेली. माझ्या मागच्या पोरांना सगळ्यांना माफी मिळाली. मी खिळे जुळवायला लागलो." मग म्हणाले, "तू बस उपोषणाला. मी सोता तुझ्यासंगं बसतो. पण तारखेच्या आदी न्हाई, तारखेच्या नंतर."

मी पत्रक घडी करून ठेवलं.

रविवारी पुन्हा मांडव पडला. फ्लेक्सवर अक्षरं पहिल्यापेक्षा मोठी : "सुजाता हिचा डॉक्टर न झाल्याबद्दल भव्य जाहीर सत्कार." प्रमुख पाहुणे इंगोलेसाहेब. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी कधी कशाला बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा सफारी घालून, पत्नीला घेऊन, वेळेच्या अर्धा तास आधी आले. तात्यांनी निमंत्रणात कळवलं होतं की येताना कार्यालयाचा शिक्का आणावा, मानपत्राला शोभा येते. साहेबांनी तो रुमालात बांधून आणला होता.

तात्यांनी मानपत्र वाचलं. "आपण अद्याप पदवी प्राप्त केलेली नाही, चौथ्या वर्षाची परीक्षा दिलेली नाही, अंतिम वर्षाला तर आपण पोचलेल्याही नाहीत, याचा समस्त ग्रामस्थांना सार्थ अभिमान वाटतो." टाळ्या पडल्या. मग इंगोलेसाहेब बोलायला उठले. एवढी माणसं आपलं ऐकताहेत हे बघून त्यांनी माईक आणखी जवळ ओढला. ही मुलगी डॉक्टर नाही, याची मी जाहीर ग्वाही देतो, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून नामदेवराव उभे राहिले. "साहेब बरोबर बोलायलेत. माझी म्हैस हिनं बघितली न्हाई." पुन्हा टाळ्या. साहेबांनी मानपत्रावर सही केली, शिक्का उमटवला आणि ते सन्मानपूर्वक माझ्या हातात दिलं. मी, सत्कारांची कट्टर विरोधक, मान वाकवून शाल घेतली.

सोमवारी मी तेच मानपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी सही निरखून पाहिली. सही ओळखीची निघाली. फाईल उघडली, फी जमा झाली आणि शेवटच्या दिवशी दुपारी मी परीक्षेचा फॉर्म भरला. तारखेनंतर कार्यालयासमोर उपोषणही केलं, एक दिवसाचं. तात्या शेजारी बसले होते. इंगोलेसाहेब येता-जाता त्यांना नमस्कार करत होते.

पण कार्यालय एकदा बघितलेला कागद विसरत नाही. अंतिम वर्षाला गेले तर कागदपत्रांच्या यादीत नवीन ओळ आलेली : 'शिक्षण पूर्ण न झाल्याचे मानपत्र, मान्यवराच्या सहीसह.' आता ते सगळ्यांनाच लागत होतं. जिंतूर, सेलू, मानवतकडची पोरं पत्ता विचारत वालूरला येऊ लागली. तात्या मजकूर लिहून त्यावर गावातल्या कुणा मान्यवराची सही मिळवून देत, एकालाही परत पाठवत नसत आणि एकाचा मजकूर दुसऱ्याला वापरत नसत. इंजिनिअरिंगच्या एका मुलाला त्यांनी लिहून दिलं होतं : "आपल्या हातून अद्याप एकही पूल झालेला नाही, म्हणून जिल्ह्यातले सर्व पूल सुरक्षित आहेत." या पोरांकडून ते पैसे घेत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "पास झाल्यावर पेढे दे. पेढ्याला पावती लागत न्हाई."

माझी इंटर्नशिप संपत आली असताना तात्या गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास थांबला. आमच्या विहारात माणूस मावत नव्हता. अर्धी गर्दी अनोळखी पोरापोरींची होती आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात पेढ्याचे पुडे होते. कुणाला सांगताही येत नव्हतं की आज ते बाहेर काढायचे नसतात.

महिन्याभरात माझी डॉक्टर म्हणून नोंदणी झाली. त्याच आठवड्यात मी एक कडक पत्रक लिहायला घेतलं : मानपत्राची अट बेकायदेशीर आहे, ती तात्काळ रद्द करा. तिसऱ्या परिच्छेदावर होते तेव्हा चारठाण्याची एक मुलगी आईसोबत दारात आली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. तात्या कुठे राहतात, म्हणून विचारत होती. ते नाहीत, हे मी सांगितलं. तिने एकदा आईकडे बघितलं. मग फॉर्म पुढे करून म्हणाली, "ताई, उद्या शेवटची तारीख हाय."

मी पत्रक बाजूला सारलं, कोरा कागद घेतला आणि तिचं नाव विचारलं.