सावकाश घ्या, पण घ्या

सभेच्या दिवशी माझं काम फक्त ऐकायचं होतं, आणि म्हणूनच ही नोकरी मला जमेल असं वाटलं होतं. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या एका समितीची सभा भरायची. समितीचं नाव सांगत नाही. सगळ्या समित्यांच्या सभा साधारण सारख्याच असतात. लांब टेबलाच्या टोकाशी सभापती, दोन्ही बाजूंना सदस्य, त्यांच्या मागच्या रांगेत अधिकारी, आणि कोपऱ्यात पाण्याच्या जारशेजारी रेकॉर्डर सांभाळत मी. सभा संपली की इअरफोन लावून ते सगळं पुन्हा ऐकायचं आणि इतिवृत्त टाइप करायचं. म्हणजे प्रत्येक सभा मी दोनदा ऐकायचे. बाकीच्यांना एकदाही जड जायची.

मी बोईसरची. बाबा तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करतात. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी, वहीत इंग्रजी. मराठी टायपिंगची परीक्षा पास होते म्हणून एजन्सीमार्फत कंत्राटावर लागले. सकाळी गाडीत बसायचं, मध्ये उमरोळी, मग पालघर. तेवढ्या वेळात मी रोज ठरवायचे की आज ऑफिसात निदान एका माणसाशी स्वतःहून बोलायचं. पालघर आलं की ते उद्यावर जायचं.

पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "ती नस्ती आण." मला फक्त नस्ती उठाठेव माहीत होती. नस्ती म्हणजे फाइल, हे मी तीन दिवस लोकांचे हात कुठे जातात ते बघून शिकले. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण विचारलं की समोरचा विचारतो, "कुठल्या शाळेत होतीस गं?" आणि मग सगळं टेबल वळून बघतं. त्यापेक्षा बघून शिकलेलं बरं, असं माझं चाललं होतं.

आमचे वरिष्ठ लिपिक चिंचणीचे होते. त्यांना सगळे काका म्हणायचे. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते आणि ते चालायचेही तसेच, जिना राहिलाय तेवढाच उतरायचा आहे अशा बेताने. मी एकदा 'कार्यवाही'च्या जागी 'कारवाई' टाइप केलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून समजावलं होतं, "कारवाई कुणावर तरी होते. कार्यवाही नुसती सुरू असते."

समितीत डोंगराकडच्या एक सदस्य होत्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. पहाटे निघून आधी जीप, मग एसटी असं करत त्या यायच्या, टेबलाच्या अगदी शेवटच्या खुर्चीत बसायच्या, आणि आपला विषय येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. आवाज बारीक. त्यांच्या शेजारी बसायचे किनाऱ्याकडचे एक सदस्य. त्यांचा आवाज समुद्रावर हाक मारायला घडवलेला होता. रेकॉर्डर त्यांच्यापासून मी मुद्दाम लांब ठेवायचे, त्यामुळे तो ताईंपासूनही लांब राहायचा. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

थंडी सरतानाची ती सभा. विषय क्रमांक सात: ताईंच्या गटातल्या एका पाड्याजवळच्या ओहोळावरचं काम यादीत घेण्याबाबत. ताई बोलायला उठल्या आणि त्याच वेळी भजीच्या बशा आल्या. दुसऱ्या दिवशी इअरफोनमध्ये मला ऐकू आल्या खुर्च्या, बशा, किनाऱ्याकडच्या सदस्यांचं "अरे, चटणी इकडे फिरव" आणि या सगळ्याखालून ताई. मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. पाचव्यांदा ऐकायचा कंटाळा आला. जे ऐकू आलं ते शुद्ध करून टाइप केलं:

"सन्माननीय सदस्यांनी सदर काम सावकाश घ्यावे, पण घ्यावे, असे सुचविले. सर्वानुमते मान्य."

मला ते खटकलं नाही, हे सांगायला हवं. उलट बरोबरच वाटलं. पहाटेपासून प्रवास करून आलेली, शेवटच्या खुर्चीतली बाई असंच मागणार, असं मला वाटलं. काकांनी तपासलं, सभापतींनी न वाचता कच्च्या मसुद्यावर सही केली, प्रती सदस्यांना आणि खात्यांना गेल्या.

पुढच्या सभेच्या चार दिवस आधी खात्यांची उत्तरं आली. मागच्या सभेत ठरलं त्याचं काय झालं, याचा तो तक्ता असतो. मी तो एकत्र करत होते. विषय सातपुढे बांधकामाच्या लोकांनी लिहिलं होतं: "सन्माननीय सदस्यांच्या सूचनेनुसार सदर काम सावकाश घेण्यात येत आहे."

काकांना दाखवलं तर ते इतके हसले की ठसका लागला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खात्याने ठरावाचं तंतोतंत पालन केलं," म्हणाले. मग हसणं थांबवून त्यांनी खात्याची नस्ती मागवली. वरच्या कागदावर कामाचं नाव होतं: साकव बांधणे.

त्या दिवशी मी विचारलं. "काका, साकव म्हणजे?"

"ओहोळावरचा छोटा पूल गं. माणसांपुरता. पूर्वी ओंडके टाकून करायचे, आता सिमेंटचा करतात. तुला साकव ठाऊक नाही?"

मी रेकॉर्डर काढला आणि इअरफोन काकांच्या एका कानात, माझ्या एका कानात घातला. आता शब्द माहीत होता, तर तो बशांच्या खणखणाटातूनही स्वच्छ ऐकू आला. "साकव घ्या. बाकी काय नका घेऊ, पण साकव घ्या." अंगणवाडी ओहोळाच्या पलीकडे आहे, तीन पावसाळे बाया पोरांना खांद्यावर घेऊन पाण्यातून जातात, हेही त्या बोलल्या होत्या. ते मी 'सविस्तर चर्चा झाली' यात घातलं होतं.

काकांनी इअरफोन काढून तारेची घडी केली. या वर्षी घ्यायच्या कामांची पुरवणी यादी पुढच्या सभेनंतर लगेच वर जाणार होती. ठराव 'सावकाश' असाच कायम झाला, तर साकव या यादीत बसणार नाही; मग पुढचं वर्ष, म्हणजे आणखी एक पावसाळा पाण्यातून.

"पान बदलू या ना," मी म्हटलं. "मी आत्ता टाइप करते."

"प्रती गेल्या. आता दुरुस्ती सभागृहातच. इतिवृत्त कायम होण्याआधी कुणा सदस्याने उठून हरकत घ्यायची."

"तुम्ही सांगाल सभापतींना?"

"ते म्हणतील, बघू, कायम झाल्यावर बघू. त्यांचं 'बघू' मी खूप बघितलंय. लिपिकाला सभेत तोंड नसतं, बाळा. ताईंना सांग. त्यांनी उठायचं."

चार दिवस मी ताईंना फोन लावत होते. प्रत्येक वेळी लावण्याआधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्यायचे. फोन लागायचाच नाही. पाड्यावर रेंज नव्हती. खरं सांगायचं तर दर वेळी 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकून मला हलकं वाटायचं आणि मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटायची. घरी आई म्हणाली, "चेहरा का असा?" मी म्हटलं, गाडीला उशीर झाला.

सभेच्या दिवशी मी साडेदहापासून गेटपाशी उभी होते. अकराला सभापती आले, किनाऱ्याकडचे आले, ताई नाहीत. आत जाऊन मी हजेरीची वही उघडली आणि एक चिठ्ठी लिहून ताईंच्या नावाच्या पानात ठेवली. बोलण्यापेक्षा लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. सभा सुरू झाली आणि त्याच वेळी ताई दारातून आत आल्या, चपलांना धूळ, पदराने मान पुसत.

पहिलाच विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. तो एका श्वासात उरकतो. सभापती कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "विषय क्रमांक एक. सगळ्यांनी वाचलंय असं समजू. कायम?"

"कायम, कायम," टेबलावरून आलं.

मी वही घेऊन जवळजवळ धावत ताईंपाशी गेले, सहीसाठी वाकल्यासारखं करून चिठ्ठी पुढे सरकवली. ताईंनी ती उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि मला म्हणाल्या, "चष्मा घरी ऱ्हायला, बाय. काय लिवलंस? वाच."

त्यांच्या बारीक आवाजात त्या म्हणाल्या, पण बशा अजून यायच्या होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय चाललंय तिकडे?" सभापती.

"पोरगी काय तरी सांगते," ताई म्हणाल्या. "वाच गं. मोठ्यानं वाच."

चिठ्ठी त्यांनी माझ्याच हातात दिली होती. मी काकांकडे बघितलं. ते टेबलावरचा कागद सरळ करत होते. तो आधीच सरळ होता. मग मी वाचलं, जसं लिहिलं होतं तसं: "पान चार, विषय सात. सावकाश हा शब्द चूक आहे. तिथे साकव पाहिजे. तुम्ही साकव म्हणाला होता. चूक माझी आहे. कायम होण्याआधी उठून हरकत घ्या."

शेवटचं वाक्य वाचायचं नव्हतं, हे वाचून झाल्यावर कळलं.

सगळे पानं उलटू लागले. त्या समितीत इतिवृत्ताची पानं उलटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ती ओळ आधी किनाऱ्याकडच्या सदस्यांना सापडली आणि ते हसले. "सभापती महोदय, आपण सगळंच सावकाश घेतो. मग हिचं चुकलं कुठं?" टेबल खदखदून हसलं. कुणीतरी म्हणालं, "इंग्लिश मीडियम!" माझे कान तापले होते. मला फक्त पाण्याच्या जारपर्यंत परत जायचं होतं.

ताई हसल्या नाहीत. त्या उठल्या. "मी सावकाश बोलले नाय," त्या म्हणाल्या. "तीन पावसाळं झालं. सावकाश कशाला बोलंन मी?"

हसू थांबलं. सभापतींनी घड्याळ बघितलं. "पण ताई, आता कायम झालंय ते."

तेव्हा काकांनी कागद सरळ करणं सोडलं. उठले नाहीत, मान खालीच. "साहेब, सूचक-अनुमोदक अजून झालेले नाहीत."

सभापतींनी त्यांच्याकडे बघितलं. "मग दुरुस्तीसह," ते म्हणाले. "सूचक कोण?"

"मी हाय," ताई.

"अनुमोदक?"

"घ्या माझं नाव," किनाऱ्याकडचे म्हणाले. "आणि भजी सावकाश नकोत, आत्ता आणा."

सभा संपल्यावर ताई व्हरांड्यात एसटीच्या वेळेची वाट बघत बसल्या होत्या. मी गेले आणि माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं. "तुलाच चुकीचं ऐकू आलं असं नाय," त्या म्हणाल्या. "हितं सगळ्यांना माझं सावकाशच ऐकू येतं." रागावून नाही. पायातली चप्पल काढून तळव्याला हात लावत, दमून. मग विचारलं, "तुमच्याकडं काय म्हणतात साकवाला?"

"ब्रिज," मी म्हटलं, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. "एवढा मोठा नको आमाला."

इतिवृत्त लिहायला बसले तेव्हा अडले. सभेत तर मी बोलले होते. काकांनी सांगितलं, "लिही. सन्माननीय सदस्यांनी हरकत घेऊन 'सावकाश' ऐवजी 'साकव' अशी दुरुस्ती सुचविली." मी लिहिलं. त्या कागदात मी कुठेही नाही, आणि मला ते आवडलं. पण रेकॉर्डर पुसण्याआधी माझा तो चिठ्ठी वाचतानाचा आवाज मी एकदा ऐकला. वाटला होता त्यापेक्षा मोठा होता.

साकव पुरवणी यादीत गेला. मग कार्यवाही सुरू झाली. एप्रिल गेला, मे गेला. दर सभेला तक्त्यात 'कार्यवाही सुरू आहे' हेच वाक्य मी टाइप करत राहिले. खड्डे खणले तेव्हा आभाळ भरायला लागलं होतं. जुलैच्या सभेआधी तक्त्यात आलं: "दोन्ही बाजूंचे खांब पूर्ण. पावसामुळे काम थांबले आहे." सोबत फोटो होता. तांबडं पाणी, दोन्ही काठांवर एकेक ओला खांब, मधे काहीच नाही.

मी मनातल्या मनात महिने मागे मोजले. माझ्या चुकीचा एक महिना धरला आणि सोडला, धरला आणि सोडला. कदाचित तेवढ्यात वरचा स्लॅब टाकून झाला असता. कदाचित नसता. काका म्हणाले, "एवढा हिशोब आपल्याला नेमून दिलेला नाही." पण तो आठवडाभर ते माझ्याशी जरा जास्त हळू बोलत होते.

जुलैच्या सभेला ताई आल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी हजेरीची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. या वेळी चष्मा होता. सही करता करता वर न बघता त्यांनी विचारलं, "फोटो बघितलास ना?"

मी मान हलवली. तोंडाशी आलेलं सगळं तक्त्यातल्या वाक्यांसारखं होतं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "सावकाश चाललंय," त्या म्हणाल्या, "पण चाललंय." आणि माझ्याकडे बघत राहिल्या, मी हसते का ते बघायला.