इनासनं सपाट केलेली जमीन

कोलशेतच्या खाडीकाठी इनासचं घर होतं. घर म्हणजे एकच लांबोडी खोली. तीत इनास आणि त्याची बायको रोझा राहत, आणि त्यांच्याबरोबर एक शेळी, पाच-सहा कोंबड्या आणि काळी नावाची म्हातारी कुत्री. पोरबाळ नव्हतं. रोझा या गोतावळ्याचे लाड करी आणि इनास त्यावर कुरकुर करी. कुरकुरता कुरकुरता आपल्या ताटातली भाकरी काळीला टाकायची, असा त्याचा खाक्या होता.

रोझाचे डोळे हळूहळू गेले. ठाण्याच्या डॉक्टरनं पापण्या वर करून पाहिल्या आणि आता काही व्हायचं नाही असं सरळ सांगून टाकलं. परतताना इनासनं वाटभर तिचा हात धरून ठेवला. रोझा मात्र उंबरा ओलांडून नीट चुलीपाशी गेली, पेज रांधली, कोंबड्या डालल्या. गाव म्हणे, तिला अजून थोडं दिसत असणार. दिसत काडीचंही नव्हतं.

इनासला याचं कधी नवल वाटलं नाही. माणूस चांगला, पण बायको बिनबोभाट कामं उरकते म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालणाऱ्यांपैकी. असले भले नवरे गावोगाव असतात आणि त्यांना कुणी काही बोलतही नाही.

मग एक दिवस शेळी दावं ताणून खोलीच्या मधोमध येऊन बसली. रोझा तिच्यावर अडखळली, पेजेचं मडकं कलंडलं आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. माणसं आणि जनावरं दोघांनाही सोयीची होईल अशी सगळी खोली नव्यानं करायची, असं इनासनं त्या दिवशी ठरवलं.

भिंतीवर कोळशानं रेघा ओढून त्यानं बेत आखला. शेळीला कारवीच्या काटक्यांचा कूड घालून वेगळा कोपरा. कोंबड्यांना चुलीपासून दूर उंच फळी. काळीला दाराशेजारी गोणपाट. आणि जमीन मुळापासून उकरून, चोपून एकसारखी सपाट. दारात काळीनं उकरलेला खड्डा, खांबाशी शेळीच्या खुरांनी पडलेली घळ, चुलीपुढे बायकांनी बसून बसून केलेला खळगा, सगळं बुजवायचं. रोझाच्या पायाला काही म्हणून लागता कामा नये.

कारवी घेऊन आलेला शेजारचा कोळी गोमाजी म्हणाला, "इनास, शेलीला खोली केलीस, कोंबऱ्यांना माडी केलीस. तू कनच्या कोपऱ्यान झोपनार?"

इनास हसला. डॉक्टरकडून आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

जमीन वाळेपर्यंत रोझानं पलीकडच्या आळीतल्या बहिणीकडे, सुझानाकडे राहायचं ठरलं. निघताना ती म्हणाली, "जमीन कशाला उकरता? बरी हाय ती."

"तुला काय दिसते?" इनास बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. रोझा उंबरा ओलांडून चालू लागली.

तो राबराब राबला. लाकडी चोपणं घेऊन ओली माती ठोकून ठोकून त्यानं खोली तळहातासारखी केली. दारातला खड्डा बुजताच काळी आली आणि नेमक्या त्याच जागी पुन्हा उकरू लागली. इनासनं हातातलं चोपणं फेकून मारलं. ते तिच्या मागच्या पायावर बसलं. केकाटत ती बाहेर चिंचेखाली गेली. इनासनं उकरलेली माती परत चोपून टाकली.

नव्या जमिनीवर पहिलं पाऊल घरच्या बाईचं, हे इनासच्या घरात त्याच्या आईपासून चालत आलेलं. म्हणून रोझा येईपर्यंत त्यानं सारवलेल्या जमिनीवर कुणाला चालू दिलं नाही. नाताळच्या आधी तो तिला घेऊन आला आणि उंबऱ्याशी तिचा हात सोडला.

रोझानं पाऊल टाकलं, थांबली. पायानं इकडेतिकडे चाचपलं. मग पुढे गेली ती शेळीच्या कुडावर आदळली. वळली तर भिंत लागली. हात पुढे धरून ती खोलीत फिरत राहिली.

"चूल कुठं हाय?" तिनं विचारलं.

चूल होती तिथंच होती. इनासनं तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "दारान काळीचा खड्डा लागला का वळायचं. खांबाची घळ लागली का पान्याची मडकी. पाय खळग्यान गेला का चूल. माझी वाट बुजवलीत तुमी."

इनासला रडू कोसळलं. त्यानं पहार उचलली. "सांग कुठं होते ते. आत्ता खणतो."

"मना नाय ठाव. पायांना ठाव होतं."

त्याचा जन्म याच खोलीतला. पण तो उभा राहिला तेव्हा त्यातली एकही जागा त्याला सांगता येईना. त्यानं दाराशी खणलं. रोझानं पाय ठेवून पाहिला, मान हलवली. त्यानं जरा बाजूला खणलं. तेही नव्हे. खांबाशी खणलं, चुलीपुढे खणलं. शेवटी खोली उखणलेल्या वाफ्यासारखी झाली आणि रोझा भेलकांडू लागली, तेव्हा त्यानं पहार टाकली.

मग त्याला काळी आठवली. निदान दारातली जागा तिला माहीत होती. तो भाकरी घेऊन उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि तिला लाडीगोडीनं हाका मारू लागला. चिंचेखालून काळीनं त्याच्याकडे पाहिलं. मग दुखरा पाय ओढत ती झाडामागे गेली.

त्यानंतर पेज इनासच रांधी. रोझा भिंतीलगतच्या बाजेवर बसून राही, एक हात भिंतीला लावून. शेळी आपल्या कोपऱ्यात मजेत होती. दिवेलागणीला इनास दार उघडं टाकून काळीला हाक मारी.

"नका बोलवू," बाजेवरून रोझा म्हणे. "ती नाय यायची."