हौसा गेली, त्या दिवशी चूल पेटवली नाय

"हौसा आज जाणार म्हणं," भीमा दारातनं बोलली. भीमा म्हंजी माझी शेजारीण. मी तांदूळ निवडत व्हते, हात तितंच थांबलं. हौसा टीव्हीतल्या शिरेलीतली, खेड्यातल्या घरातली थोरली सून. रोज सांजच्याला भीमाच्या घरी आमी डिंगोऱ्यातल्या पाच-सात बाया जमायचो. हौसाची सासू तिला लई छळायची, तवा आमी टीव्हीलाच शिव्या घालायचो. बाकीच्या शिरेल बघायच्या. मी माझ्या चंद्राला बघायचे.

चंद्रा माझी एकुलती लेक. तळेघरला दिली व्हती, भातशेतीच्या घरात. हौसाचं नाक, कपाळ, हसताना तोंडाव पदर धरायची तऱ्हा... समदी चंद्राचीच. अन् चंद्राचा एक बी फोटू नाय माझ्याकडं. लग्नात फोटूवाला यायचा व्हता, त्यो आलाच नाय.

चंद्रा तापानं गेली. सांगावा आला तशी निघाले. एस्टी घाटाखालीच थांबली, पुढं चालत गेले. पोचले तवा राख निवत आली व्हती. तिची सासू म्हणली, "विहीणबाई, कुठवर ठिवायची?" तिचं बी खरंच व्हतं. त्यांच्या घरी शेजारणी कडू घास घेऊन आल्या. मयताच्या घरात चूल पेटत नाय, म्हणून दुसऱ्याच्या घरनं भाकरी येती, त्यो. माझ्या दारी कोण आणणार? लेक दिली की सुतक सासरचं. घरी आले, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. रडले नाय. माणसं म्हणली, दगडाची हाय म्हातारी.

तर त्या सांजंला शिरेलीत हौसा गेली. हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, तोंड झाकलं नव्हतं. मी डोळं भरून बघितलं. घरी येऊन डोक्यावरनं पाणी घेतलं अन् बसून ऱ्हायले. चूल पेटवली नाय.

भीमा डोकावली. "येडी का काय गं? पगारी बाई हाय ती! रंग पुसून घरी गेली आसंल, निवांत जेवत आसंल. अन् तू हितं वल्ल्या केसांनी उपाशी!"

भीमा थंड चुलीकडं बघत ऱ्हायली. मग गेली अन् पिठलं-भाकरी घेऊन आली. शेजारी टेकली.

"घे बये. कडू घास."

चंद्रा जाऊन लई वरसं झाली व्हती. तवा कुठं रडले मी.

म्हैनाभरानं भीमानं हाळी दिली, "पळत ये, हौसा जिती झाली!" दुसऱ्या शिरेलीत तीच बाई. केस कापलेलं, व्हट रंगवलेलं, सासूला फाडफाड उलट बोलत व्हती. "म्हणलं नव्हतं तुला?" भीमा हसली. मी बी हसले.

आता डोळं मिटून चंद्राला बोलावते, तर ती केस कापलेली बाई येती. चंद्राचं नाक आठवाया जाते, हौसाचं येतं. कपाळ बी हौसाचंच. इतकी वरसं रोज तिला बघितलं, त्याखाली माझ्या लेकीचं तोंड कधी पुसून गेलं, कळलंच नाय. "चंद्रे..." अशी हाक मारते. ती बाई माझ्याकडं बघती, अन् वळख देत नाय.