सुरूच्या बनातली चाळ

लग्न होऊन वर्ष होत आलं तरी आमचं दोघांचं म्हणून एक बोलणं झालेलं नव्हतं. भांडणसुद्धा नाही, कारण भांडायलाही थोडी जागा लागते. लालबागच्या त्या खोलीत आम्ही दोघं, सासूबाई, थोरले दीर, धाकटे दीर आणि गावाहून नोकरीच्या शोधात आलेला कुणी ना कुणी पाहुणा. पुरुषमंडळी रात्री गॅलरीत पथारी टाकायची. शनिवारी संध्याकाळी सासूबाई मुद्दाम भजनाला जात आणि दिरांनाही काही काम काढून बाहेर पाठवत. नव्या जोडप्याला तेवढी सवड द्यायची, ही चाळीची रीतच होती. पण नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकी आमच्या उंबऱ्यात तांदूळ निवडायला बसत, तिथे वारा चांगला येतो म्हणून. मग आम्ही दोघं आत बसून काकींच्या सुपाचा आवाज ऐकत असू.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण त्या वर्षी उन्हाळ्यात गावाहून निरोप आला, की यंदा लावणीला माणूस पाठवा. आमच्या घरात 'माणूस' म्हणजे सून. नवरा गिरणीत आणि बायको गावाला, शेत आणि सासरे सांभाळायला; गणपतीला, शिमग्याला काय भेट होईल ती. कोकणातल्या घरांची ही जुनी वहिवाट. माझी थोरली जाऊ काही पावसाळ्यांपूर्वी 'लावणीपुरती' म्हणून गेली होती, ती अजून तिकडेच होती. आता तिला दिवस गेले होते, चिखलात वाकता येणार नव्हतं. म्हणजे पाळी माझी. मी गिरगावातली. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. तांदूळ गोणीत असतो एवढंच मला ठाऊक. भाताचं रोप मी पाहिलंही नव्हतं. आणि मला स्वच्छ दिसत होतं, की एकदा गेले की मीही लावणीपुरतीच जाणार.

यांना काय वाटतं ते काही केल्या कळेना. बाहेर ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमचे हे गिरणीच्या साचेखात्यातून, म्हणजे मागावरून, सुटले की थेट शिवाजी पार्कला सभेला, नाहीतर प्रभातफेरीत. 'मुंबई आमची' म्हणून इतके ओरडत, की घरी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या लागत. मुंबई कुणाची यावर हा माणूस तासभर बोलू शकत असे. मी मुंबईत राहायचं की नाही, यावर मात्र एक अक्षर नाही. मला कधी राग यायचा, कधी वाटायचं, मी जावं असंच यांना वाटत असेल आणि तोंडावर सांगायला लाजत असतील. गुळण्यांचं पाणी मीच गरम करून देत होते.

एकदा मी नळावरून कळशी घेऊन येत होते, तर हे जिन्यात आडवे आले. घाईघाईने म्हणाले, "आपण दोघंच जाऊ कुठेतरी. मनोरीला जाऊ. तंबू लावून राहू. तिकडे गेल्यावर बोलू."

"तंबू?" मी म्हटलं.

"आमच्या गिरणीतला साहेब नाही का, रविवारी तंबू घेऊन तळ्यावर जातो, जंगलात. चूल मांडतो, मासे धरतो. कोणी नसतं आजूबाजूला."

माझ्या डोक्यात काही शिरेना. तंबूत सर्कसवाले राहतात, लष्करवाले राहतात. ज्याला वर छप्पर आहे त्याने ते सोडून ताडपत्रीखाली का जावं? पण 'कोणी नसतं आजूबाजूला' हे शब्द मी कळशीबरोबर वर घेऊन आले.

आता घरातून निघायचं तर आईला सांगायला हवं. यांनी जेवताना विषय काढला. सासूबाईंनी नुसतं विचारलं, "आणि कोण कोण येतत?"

आम्ही दोघंच, एवढंच म्हणायचं होतं. यांनी घास गिळला, आईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळेच."

झालं. चाळीत 'सगळेच' म्हटल्यावर कुणी मागे राहत नाही. मंडळाच्या गणपतीच्या मांडवाची ताडपत्री माळ्यावरून उतरवली गेली. बांबू, काथ्याचे दोर, पाटा-वरवंटा, पिठाचे डबे, पोरंबाळं असा सगळा लवाजमा घेऊन अर्धा मजला मालाडहून बसने मार्व्याला आणि तिथून होडीने मनोरीला पोचला. होडीत काकी माझ्या कानाशी म्हणाल्या, "बरां केलात गो. तुमका दोघांका तेवढीच मोकळीक." त्यांच्या मांडीवर एक नातू होता, माझ्या मांडीवर दुसरा.

किनाऱ्याला लागून जंगलखात्याने लावलेलं सुरूचं दाट बन होतं आणि बनामागे गोड्या पाण्याचं एक लहानसं तळं. परवानगी राखणदाराला विचारून घेतली. इतकी मोकळी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला नुसतं गरगरल्यासारखं झालं. कुठे बसायचं तेच कळेना, कारण कुठेही बसता येत होतं. बाकीच्यांचंही तसंच झालं असावं, कारण एवढा लांबरुंद किनारा सोडून सगळे एकाच ठिकाणी दाटीने उभे राहिले आणि तंबू कसे लावायचे यावर वाद घालू लागले.

यांच्या मनात आमचा तंबू मागे तळ्याच्या बाजूला, एकटा लावायचा होता. तसं ते पुटपुटलेही. पण काकी म्हणाल्या, आमची खोली तुमच्या शेजारी, तर तंबूपण शेजारी. मग ज्याची खोली जिथे, त्याचा तंबू तिथे, असं ठरलं. चाळीत दोन खोल्यांना एकच भिंत असते, म्हणून दोन तंबूंना मध्ये एकच ताडपत्री. एकाचा दोर दुसऱ्याच्या बांबूला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. गॅलरीत वारा यायला हवा, म्हणून सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. तासाभरात सुरूच्या बनात आमची चाळ जशीच्या तशी उभी राहिली, नळ तेवढा कमी. वाटेने जाणारा एक कोळी थांबून बघत राहिला. संध्याकाळी वारा उठला की काय कराल, असं त्याने विचारलं. पुरुषांनी त्याला सांगितलं, मांडव आम्ही दरसाल बांधतो. त्यावर तो निघून गेला.

दिवसभर मी वाट पाहत होते. हे पाणी आणायला निघाले की मीही हंडा उचलायची, आणि आमच्यामागून तीन पोरं निघायची. तळ्याकाठी एकदा आम्ही खरंच दोघं उरलो. हे म्हणाले, "पाणी चांगलं आहे." मी म्हटलं, "गार आहे." मग पुढे काय म्हणायचं ते दोघांनाही सुचेना. वर्षभर जे बोलायला जागा नव्हती, ते जागा मिळाल्यावर कुठे गेलं? मला स्वतःचाच राग आला. काकींच्या सुपाचा आवाज नसल्यामुळे मला बोलता येत नाही की काय, असं वाटून गेलं. वाळूत पोरं मोर्चा मोर्चा खेळत होती. 'झालाच पाहिजे' असं त्यांचं ओरडणं तळ्यापर्यंत येत होतं. हे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत राहिले आणि मी हंडा उचलून परत आले.

दिवेलागणीला आमच्या तंबूत मी, सासूबाई आणि काकी भाकऱ्यांचं पीठ मळायला बसलो होतो. चूल बाहेर दगडांवर मांडलेली. कंदील मधल्या बांबूला टांगलेला. तेवढ्यात हे दारात वाकून म्हणाले, "जरा बाहेर येतेस?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत वारा उठला. समुद्रावरून आला तो सरळ तंबूंच्या उघड्या तोंडात शिरला. आधी कंदील विझला. मग टोकाचा तंबू बसला, त्याच्या दोराने पुढचा ओढला, त्याने त्याच्या पुढचा. सुटे तंबू असते तर एकच पडला असता. आमची चाळ होती, ती सगळी एकदम झोपली.

अंगावर जड ताडपत्री, मिट्ट काळोख, तोंडात वाळू. बाहेरून पोरांचा ओरडा आणि हसणं. आत चारी बाजूंनी एकच हाक: "अगो, ऐकलंस काय?" आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. त्यामुळे त्या ढिगाखाली प्रत्येक नवरा 'ऐकलंस काय' म्हणत होता आणि प्रत्येक बायको 'ओ' देत होती. कोण कुणाचं ते कुणालाच कळत नव्हतं.

तेवढ्यात अगदी जवळ यांचा आवाज आला. हळू, घसा बसलेला. "ऐकतेस ना?"

माझ्या तोंडात वाळू होती. मी ती थुंकेपर्यंत माझ्या शेजारून कुणीतरी म्हटलं, "हं."

"तू गावाला जाऊ नकोस," हे म्हणाले. "मला तू इथे हवीस. मी दिवसभर साच्यावर उभा असतो, तेव्हा तू खोलीत आहेस एवढं आठवलं तरी मला बरं वाटतं. दादासारखं मला नाही जमायचं. वर्षातून दोनदा भेटायचं, त्याला काय अर्थ आहे? आईला हे मी सांगायला पाहिजे. मला सांगता येत नाही. पण तू जाऊ नकोस."

इतकं सलग बोलताना मी यांना सभेबाहेर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याच वेळी मला काही उमगत नव्हतं, कारण हे माझा हात धरल्यासारखं बोलत होते आणि माझे दोन्ही हात माझ्यापाशीच होते. पिठाने भरलेले.

मग सासूबाईंचा आवाज आला. "आधी तो बांबू काढ रे. माज्या पायार पडलो असा."

बाहेरच्यांनी ताडपत्री उचलली. उजेड फारसा नव्हता, पण पुरेसा होता. सासूबाईंचं मनगट यांनी दोन्ही हातांनी धरलेलं होतं. सासरे हयात, म्हणून सासूबाईंच्या हातात माझ्यासारख्याच हिरव्या बांगड्या. हात मात्र आयुष्यभर चिखलात राबलेला, पायरीच्या दगडासारखा. यांना तो माझा नव्हे हे कसं कळलं नाही? पण कळणार कसं? यांनी माझा हात धरला होता तरी कितीदा?

चटका बसल्यासारखा यांनी हात सोडला आणि बांबू शोधायला लागले, जो समोरच पडलेला होता. काकी पदराने तोंड पुसत होत्या. काकींना कळलं म्हणजे मजल्याला कळलं. आम्ही भाकऱ्या केल्या. त्या दिवशीच्या भाकरीत वाळू होती आणि कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी होडीत हे एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला.

घरी आल्यावर मला वाटलं, आता काहीतरी होईल. वादळ होईल, निदान टोमणा तरी येईल. काहीच झालं नाही. सासूबाई रोजच्यासारख्या उठल्या, रोजच्यासारख्या चहात गूळ टाकला. मला ते शांत राहणं सहन होईना. त्या रागावल्या आहेत का? 'हं' का म्हणाल्या? 'मी तुझी आई' म्हणून दोन शब्दांत थांबवता आलं असतं. पोटात काहीतरी धरून ठेवलंय आणि ते एक दिवस माझ्यावर निघणार, असं मला वाटत राहिलं.

मग एका सकाळी त्यांनी आपलं लुगडं आणि पानाची चंची एका पिशवीत भरली. म्हणाल्या, "गावाक मी जातंय. लावणी माका काय नवी नाय. सून हयसरच ऱ्हवांदे."

थोरले दीर काही बोलायला गेले, त्यांना त्यांनी हातानेच गप्प केलं. आमचे हे खाली मान घालून बसले होते. मुंबईसाठी घसा फोडणारा माणूस, त्याच्या तोंडून 'आई' एवढंच निघालं. माझी तर अशी अवस्था झाली, की हसू की रडू. मी सुटले होते. पण ज्या बाईने सगळं तारुण्य गावच्या चिखलात काढलं आणि म्हातारपणी कुठे मुलांच्या खोलीत येऊन चार वर्षं बसली, तीच माझ्या जागी परत जात होती. सुटले म्हणू की कुणाला तरी अडकवून आले म्हणू?

कोकणची बोट धक्क्यावरून सुटायची. हे तिकडे गर्दीत त्यांची वळकटी चढवत होते. सासूबाई माझ्यापाशी उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे तो त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता त्या दिवसाचं बोलणार. आणि त्या बोलल्याच.

"त्या दिवशी मी 'हं' म्हटलंय ना, ता तुज्यासाठी नाय," त्या म्हणाल्या. "आवाज माज्या झिलाचो, ता माका कळला होता. तुका म्हणता, ता पण कळला होता. पण 'जाव नको' असा माका उभ्या जन्मात कोणी म्हणूक नाय. म्हटलंय, एकदा ऐकून घेवया."

बोटीचा भोंगा वाजला. माझा हात अजून त्यांच्या हातात होता. जाऊ नका, असं मी म्हणायला हवं होतं का? आणि म्हटलं असतं, तर ते खरं असतं का?

मी नुसतं "हं" म्हटलं.