धाकटीचा आगमनकाळ

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण नाव काही वाढलं नाही. कारण शेजारी कायम थोरली उभी असायची. दोघी सख्ख्या बहिणी, दोघीही बिनलग्नाच्या, एकाच टेबलाशी चादरींच्या घड्या घालणाऱ्या. थोरली बोलायची, धाकटी हसायची. थोरली भांडायची, धाकटी तिच्या पाठीशी उभी राहायची. मुकादमाने घडीत खोट काढली तर उत्तर थोरलीच द्यायची, चूक कोणाची का असेना.

आणि अशा या थोरलीने अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं.

नवरा विधुर, घड्याळं दुरुस्त करणारा, शब्द तोलून वापरणारा माणूस. पोटाच्या दुखण्याने इस्पितळात पडला होता. वॉर्डात चादरी पोचवायला गेलेली थोरली त्याच्याशी उशीच्या अभ्र्यावरून भांडली आणि भांडण मिटता मिटता जुळलं. धुलाईघरात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. धाकटीही हसली. लग्नात राब राब राबली, फोटोत दात दाखवून उभी राहिली, दोघांना गाडीत बसवून दिलं आणि घरी आली.

घर म्हणजे दोन खोल्या. आजवर त्या कधी पुरल्या नव्हत्या. आता एका खोलीत उभं राहिलं की दुसरी खोली लांब वाटायची.

कामावर चादरीच्या पलीकडच्या टोकाला नवी बाई आली. चांगली होती बिचारी, पण कानात गाणी घालून काम करायची. घडी जुळवताना दोघींची बोटं एकमेकींना लागायची. दिवसभरात माणसाचा स्पर्श काय तो तेवढाच.

अशात आगमनकाळ आला. नाताळाआधीचे ते चार रविवार दोघी बहिणी मनापासून पाळायच्या. संध्याकाळी टेबलावर मेणबत्ती लावायची, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशी. मग थोरली मोठ्याने प्रार्थना करायची. प्रार्थना कसली, देवाशी हुज्जतच घालायची. मुकादमाला अक्कल दे, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या पाठीला आराम दे, धाकटीचा खोकला थांबव, मी तुला मागच्या रविवारीही सांगितलं होतं. धाकटी डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "आमेन."

पहिल्या रविवारी तिने मेणबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली. पुढे काही येईना. तिने घसा खाकरला. पुन्हा म्हणाली, "हे प्रभू." बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की जन्मभर आपण फक्त आमेन म्हणत आलो. देवाशी बोलणं थोरलीचं होतं. ती गेली ती तेही सोबत घेऊन गेली. तिने मेणबत्ती विझवली आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब इम्मानुएल या नावावर बोलले. इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव. धाकटीला तो 'आम्हांबरोबर' शब्द खुपला. आम्ही म्हणजे कोण? ताई होती तोवर ठीक होतं. एकट्या बाईबरोबर, तेही जिला धड बोलता येत नाही तिच्याबरोबर, देव कशाला येऊन बसेल?

उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेबांनी तिचा हात हातात घेतला. "काय म्हणतेय आमची थोरली? रमली का तिकडे?"

"रमली की."

त्यांच्यामागून कारकूनबाईंनी तेच विचारलं, मग पेटी वाजवणाऱ्याने. धाकटीने सगळ्यांना थोरलीची खुशाली सांगितली. धाकटीची खुशाली कोणी विचारली नाही. त्यांचंही चुकलं नाही. ती समोर उभी होती, धडधाकट दिसत होती.

त्या दुपारी थोरलीचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"जेवले."

"संध्याकाळची प्रार्थना करतेस ना? का मी नाही म्हणून आळस?"

"करते की," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचे कान गरम झाले. या वयात बहिणीशी खोटं बोलायची वेळ यावी, तेही देवाच्या बाबतीत.

तिसऱ्या रविवारी उन्हं उतरताना दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई होत्या. "आईंनी बोलावलंय तुम्हाला. थोडा वेळ बसाल का? मी तेवढ्यात औषधं घेऊन येते."

आई म्हणजे निवृत्त शिक्षिका, गेली काही वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. धाकटी पलंगाशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसली.

"थोरली दर आगमनकाळात यायची," बाई म्हणाल्या. "इथं बसून प्रार्थना करायची. यंदा कोणी फिरकलं नाही."

"ती लग्न करून गेली, बाई."

"ठाऊक आहे. माझे पाय गेलेत, कान शाबूत आहेत. तू कर की."

"मला नाही येत."

"मोठ्याने येत नाही?"

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मनातही येत नाही. ताई गेल्यापासून बसते नुसती आणि मग रेडिओ लावते."

बाईंना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. धाकटीने उठून पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. पाठ म्हणजे नुसती हाडं होती.

"मलाही येत नाही हल्ली, पोरी," धाप ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "दिवसभर या भिंतीकडे बघते. पूर्वी वाटायचं, तो आहे. आता भिंतच दिसते. म्हणून तर बोलावलं तुला. म्हटलं, तुझ्याकडे असेल थोडं शिल्लक."

चौपन्न वर्षांच्या धाकटीला पोरी म्हणवून घेताना गलबलून आलं. ही बाई आपल्याकडे मागते आहे आणि आपल्या हातात काही नाही. पण नाही म्हणून उठून जाणंही तिला जमेना. तिने डोळे मिटले.

"देवा," ती म्हणाली, "आम्ही दोघी इथं आहोत. आम्हाला काही सुचत नाही. तू इथं असलास तर..." ती थांबली. ते तिचं तिलाच पटेना. "तू आहेस असं धरूनच मी बोलतेय. मला ताईचा राग आलाय. तिचं चांगलं झालं याचाच राग आलाय. हे मी कोणाला सांगितलं नाही. घरी जावंसं वाटत नाही मला. बाईंची पाठ फार दुखते, तिला आराम पडू दे. आणि त्यांना भिंत दिसते, तर तेवढं बघ."

तिने डोळे उघडले. बाईंचे डोळे मिटलेले होते. झोपल्या होत्या की ऐकत होत्या, कळत नव्हतं. खोलीत काही बदललं नव्हतं. नळ ठिबकत होता, औषधांचा वास होता. पण रिकाम्यात बोलल्यासारखं तिला वाटलं नाही. कोणीतरी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं, असं वाटलं. थोरलीने तर तिचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिने आपण होऊन बहिणीला फोन लावला. "ताई, मी खोटं बोलले होते. मला प्रार्थना येत नव्हती. आणि मला तुझा राग आला होता."

पलीकडे घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. थोरली म्हणाली, "आला होता का आहे?"

"आहे थोडा."

"असू दे," थोरली म्हणाली, आणि तिला रडू आलं. "इथं कोणी भांडतच नाही गं माझ्याशी. नाताळाला यायचं होतं, पण यांचं पोट पुन्हा दुखतंय."

म्हणजे नाताळ एकटीनेच करायचा होता. त्या संध्याकाळी धाकटी जेवली नाही. पण रेडिओही लावला नाही.

चौथ्या रविवारी ती न बोलावता वर गेली. बाईंच्या पाठीला आराम पडला नव्हता. भिंतीचं काय झालं ते तिने विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही.

"आज काही म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "नुसती बस."

धाकटी बसली. खिडकीत उजेड कमी होत गेला, समोरच्या घरांत दिवे लागले. थंडीने तिचे पाय गारठले, तेव्हा तिने चपला काढल्या, पाय पलंगाच्या कडेवर घेतले आणि बाईंच्या पांघरुणाचं टोक आपल्या पायांवर ओढलं. बाई जराशा पलीकडे सरकल्या.